पंप वाढवला, भार कुणी सोसायचा?

(वालूर, ता. सेलू, जि. परभणी येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाच्या हिशेबासाठी बोलावलेल्या बैठकीत आम्ही ट्रॅक्टरच्या क्लचवर आणि गिअरबॉक्सवर बोलणार आहोत, हे कळल्यावर मागची मंडळी हसली. हसू द्या. भाव मागायचा तर खर्चाची बाजू आपल्याच तोंडाने मांडावी लागते, आणि त्या बाजूला एक रक्कम अशी आहे की ती कुणाच्याच वहीत सापडत नाही. नांगरटीचे एकरी इतके, रोटाव्हेटरचे इतके, डिझेलचे इतके, हे सगळे लिहिलेले असते. पंप वाढवून घेतला त्यापायी काय गेले, ते कुठेच लिहिलेले नसते. ते 'क्लचचे काम', 'बेअरिंग बदलले', 'हाउसिंग खोलले' अशा वेगवेगळ्या नावांनी, वेगवेगळ्या वर्षांच्या पावत्यांवर विखुरलेले असते. म्हणून त्याची बेरीज कुणी करत नाही.

ज्यांच्या घरी ट्रॅक्टर नाही त्यांच्यासाठी आधी पंप कोणता ते सांगतो. विहिरीवरचा नव्हे. ट्रॅक्टरच्या इंजिनाला डिझेल मोजून देणारा जो पंप असतो, त्याने जास्तीत जास्त किती डिझेल सोडायचे याची हद्द कारखान्यातच बांधलेली असते. त्या हद्दीच्या स्क्रूला तार आणि शिशाचे सील असते. मिस्त्री सील तोडतो, स्क्रू फिरवतो, आणि ४५ एचपीचा ट्रॅक्टर ५२ एचपीचा झाला असे सांगतो. कुणी सोबत गव्हर्नरचा स्क्रूही फिरवून घेतो, म्हणजे इंजिनाचे फेरे वाढतात. या कामाला फार वेळ लागत नाही आणि पैसाही फार लागत नाही. म्हणूनच ते गावोगाव चालते.

हे करून घेणारा शेतकरी मूर्ख आहे काय? आम्हाला तसे वाटत नाही. हप्ता झेपेल तेवढ्याच एचपीचा ट्रॅक्टर त्याने घेतलेला असतो. शेजारच्या गावचा मोठा ट्रॅक्टर तेवढ्याच एकरी दराने काम लवकर उरकून जातो. ड्रायव्हरची मजुरी एकरावर ठरलेली, म्हणून ड्रायव्हरलाही घाई. मृगाच्या तोंडावर सगळ्या शिवाराला एकाच आठवड्यात ट्रॅक्टर पाहिजे असतो, आणि उरलेले आठ महिने हप्ता मात्र थांबत नाही. निम्न दुधनाचे पाणी ज्या शिवारात पोचले तिथे ऊस आला, आणि ऊस आला म्हणजे एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या आल्या. अशा वेळी एका स्क्रूने सात एचपी फुकट मिळतात म्हटल्यावर कोण नाही म्हणेल? मालाला दाम मिळाला असता तर त्याने पहिल्यांदाच ५० चा ट्रॅक्टर घेतला असता.

तेव्हा आम्ही कुणाला शहाणपण शिकवायला उभे नाही. स्क्रू फिरवून ताकद वाढतच नाही, असेही आम्ही म्हणत नाही. थोडी वाढते. आमचा प्रश्न एवढाच, की वाढलेली ताकद पुढे कुणाच्या अंगावर जाते?

पण त्याआधी धुराचे बोलू. डिझेल नुसते जळत नाही, हवेत जळते. एक लिटर डिझेल पूर्ण जळायला साधारण १२ किलो हवा लागते, म्हणजे जवळपास १० घनमीटर. टर्बो नसलेले इंजिन एका फेऱ्यात आपल्या सिलिंडरात मावेल तेवढीच हवा ओढते. स्क्रूने डिझेल वाढते, हवा वाढत नाही. त्यातून मे महिन्यातली तापलेली हवा आधीच विरळ. मग जास्तीच्या डिझेलातले काही जळते, काही अर्धवट जळून काळा धूर होऊन सायलेन्सरातून बाहेर पडते, आणि काही सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन खाली उतरते. धुराचा लोट पाहून 'मशीन कशी तेज झाली' म्हणून आपण खूश होतो. तो धूर म्हणजे पैसे देऊन आणलेले डिझेल आहे. इंजिन तापते, रिंगा लवकर झिजतात. आता हे इंजिनाचे दुखणे राहू द्या. इंजिनाचे दुखणे दिसते तरी. खरे नुकसान दिसत नाही तिथे होते.

आम्ही शिकलो ते पीकशास्त्र. लोखंडाचे शास्त्र आम्हाला फिटर मंडळींनी शिकवले आणि बाकीचे कागद-पेन्सिलीने समजून घेतले. हिशेब सोपा आहे. ४५ एचपीचे इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असताना आपल्या दांड्याला किती पीळ देते? एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला १६ किलो वजन टांगले तर बसेल तेवढा. पण नांगरताना ट्रॅक्टर ताशी ५ किलोमीटर चालतो, आणि मोठे चाक मिनिटाला २०-२१ फेरेच घेते. म्हणजे इंजिनापासून चाकापर्यंत फेरे शंभरपट कमी झाले. फेरे शंभरपट कमी होतात तेव्हा पीळ शंभरपट वाढतो. त्याच पान्याला आता १६०० किलो. घर्षणात जाते ते सोडा. पंप वाढवून ५२ एचपी केले तर इंजिनाकडे पीळ १६ चा १८.६ झाला. अडीच किलोची वाढ, किरकोळ वाटते. मागच्या एक्सलपाशी तीच वाढ २६० किलोची होते. ही अडीच क्विंटलची वाढ क्लच प्लेट, टॉप शाफ्ट, गिअरचे दाते, क्राऊन-पिनियन, बुल गिअर आणि एक्सल या सगळ्यांच्या अंगावरून जाते. स्क्रू एकाचा फिरला. बाकीच्यांना कुणी विचारले नाही.

मोटेवर पाणी काढलेली म्हातारी माणसे इथे आहेत. मोटेचा नाडा जीर्ण झाला तर तो तुटायचा, चाक आणि बैल वाचायचे. बैल ताकदीचे आणले म्हणून नाडा आपोआप जाड होत नव्हता. ट्रॅक्टरात नाड्याच्या जागी क्लच आहे. इंजिनाच्या पिळापेक्षा थोडी जास्त पकड क्लचमध्ये राखून ठेवलेली असते. प्लेट झिजेल, स्प्रिंग थकेल, तेव्हा उपयोगी पडावी म्हणून ती राखीव असते. पंप वाढवला की ती राखीव पकड पहिल्याच दिवशी खर्ची पडते. ट्रॅक्टर चढाला लागला, नांगर खोल गेला, की इंजिनाचे फेरे वाढतात पण ट्रॅक्टर पुढे जात नाही, आणि जळक्या प्लेटचा वास येतो. हा क्लच घसरण्याचा वास आहे. ४५ एचपीतला दहावा हिस्सा जरी घसरण्यात गेला, तरी त्या बंद डब्यात हजार वॉटच्या तीन शेगड्या सतत पेटल्यासारखी उष्णता होते. प्लेट काचेसारखी गुळगुळीत होते आणि मग आणखी घसरते. त्यातून ड्रायव्हर पाय क्लचवर ठेवून बसणारा असेल तर बघायलाच नको.

इथपर्यंत नुकसान एका प्लेटचे असते. पुढचे पाऊल जास्त महागाचे आहे. क्लच घसरतो म्हणून मिस्त्री जास्त कडक स्प्रिंगची प्रेशर प्लेट सुचवतो. ती बसवली की घसरणे थांबते, मालक समाधानी होतो, आणि नाड्याच्या जागी साखळी लागते. आता तुटायचे ते गिअरबॉक्समध्ये. नांगर दगडाला अडकला, किंवा भरल्या ट्रॉलीवर ड्रायव्हरने क्लच एकदम सोडला, की फिरत्या फ्लायव्हीलचा सगळा झटका दात्यांवर बसतो. पूर्वी तो झटका क्लचने थोडा घसरून पचवला असता.

दुसरा एक नाडा टायरचा आहे, तोही आपण काढून टाकतो. भार जास्त झाला की चाक जागेवर फिरते. ते गिअरच्या फायद्याचेच असते. पण चाक फिरते म्हणून आपण टायरात पाणी भरतो, वरून लोखंडी वजने बांधतो. एका मोठ्या टायरात तीन हिस्से पाणी भरले तर सुमारे दोन क्विंटल वजन वाढते. वजन वाढवणे चूक नाही, योग्य कामाला ते लागतेच. पण पंप वाढवला, प्रेशर प्लेट कडक केली आणि वजनही लादले, म्हणजे तिन्ही वाटा बंद केल्या. मग क्राऊन-पिनियनचा दाता जातो, आणि तो दाता गोळा करायला ट्रॅक्टरचे मधून दोन तुकडे करावे लागतात.

त्यात दाता त्याच दिवशी तुटत नाही, ही खरी अडचण आहे. त्याच दिवशी तुटला असता तर सगळे गाव शहाणे झाले असते. बेअरिंगचा नियम असा आहे, की भार थोडा वाढला तर आयुष्य त्याहून कितीतरी जास्त घटते. साध्या गोळ्यांच्या बेअरिंगवर भार सोळा टक्क्यांनी वाढला तर आयुष्य जवळपास एक तृतीयांशाने कमी होते. दहा हंगाम चालायचे ते साडेसहा हंगाम चालते. दात्यांचेही तसेच, बारीक चीर पडते आणि आत आत वाढत जाते. स्क्रू फिरवला त्याला तोवर तीन वर्षे झालेली असतात. मिस्त्री म्हणतो, मालच हलका आला. मालक म्हणतो, ड्रायव्हर बेकार. ड्रायव्हर म्हणतो, ट्रॅक्टरच जुना. पंपाचे नाव कुणी घेत नाही, कारण पंप तर झकास चाललेला असतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. क्लच, गिअरबॉक्स अशा ट्रॅक्टरच्या भागांवरचा कर १८ वरून ५ वर आला. चांगले झाले. पण ट्रॅक्टर खोलून जोडायची मजुरी त्याने कमी होत नाही, आणि उभ्या राहिलेल्या दिवसांवर तर कुठलाच कर नाही. रब्बी ज्वारीची पेरणी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. आपल्या काळ्या रानात त्यात वाफशाचे दिवस हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्या दिवसांत ट्रॅक्टर गॅरेजात दोन तुकडे होऊन पडला असेल तर ओल आपल्यासाठी थांबत नाही. ज्याचा ट्रॅक्टर त्याचे तर नुकसान होतेच, पण ज्यांनी त्याच्याकडे पेरणीचा नंबर लावला होता त्या दहा घरांचे काय? त्यांनी तर स्क्रूही फिरवलेला नसतो.

नांगरटीपेक्षा रस्ता जास्त भयानक आहे. १५ टन ओझे आणि शंभर मीटरला पाच मीटर चढ धरा. नुसत्या चढासाठी ७५० किलोची ओढ जास्तीची लागते. पंप वाढवलेला ट्रॅक्टर ती काढतो, मान्य. पण त्या चढाला पलीकडे उतार आहे. तेच ७५० किलो आता पाठीमागून ढकलतात. इंजिन वाढवले, ब्रेक कुणी वाढवले? ट्रॉलीला बहुधा ब्रेकच नसतात. घसरणाऱ्या क्लचचा ट्रॅक्टर अशा उतारावर असेल तर गिअरमध्ये ठेवूनही इंजिनाचा अटकाव पुरा मिळत नाही. आणि डिझेल वाचवायला न्यूट्रलवर उतार सोडणारे महाभाग आहेतच. पंप वाढवायला पैसे देतो आणि उतारावर चार पैशांचे डिझेल वाचवतो, याला काय म्हणावे?

ज्यांनी गव्हर्नर वाढवला त्यांना एक वेगळी गोष्ट सांगायची आहे. पीटीओचे फेरे मिनिटाला ५४० ठरलेले आहेत. त्यावर चालणारे मळणी यंत्र, रोटाव्हेटर त्या फेऱ्यांसाठी बनवलेले असते. फेरे वीस टक्क्यांनी वाढले तर फिरत्या भागाला बाहेर फेकणारे बळ ४४ टक्क्यांनी वाढते. मळणी यंत्रात हात गेलेली माणसे आपल्या भागात कमी नाहीत. त्यांच्यासाठीच १९८३ साली धोकादायक यंत्रांचा कायदा करावा लागला. आणि पीटीओच्या दांड्याला तुटण्यासाठीच ठेवलेला शिअर बोल्ट असतो, त्याच्या जागी कडक बोल्ट ठोकणारे तर आम्ही किती पाहिले. तो बोल्ट तुटला म्हणजे त्याने आपले काम केले.

तुम्ही म्हणाल, हे जुन्या ट्रॅक्टरचे झाले, नव्यांना स्क्रूच नसतो. खरे आहे. १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीवरच्या ट्रॅक्टरांना धुराचे नवे नियम लागू झाले, आणि त्यांत डिझेल मोजायचे काम कॉम्प्युटरकडे गेले. पण जिथे कॉम्प्युटर आला तिथे त्याचा आकडा बदलून देणाराही येतो. शहरात मोटारींचे हेच चालले आहे. पोरे गाडीच्या कॉम्प्युटरातले आकडे बदलून घेतात, त्याला ट्यूनिंग म्हणतात. आपोआप गिअर पडणाऱ्या मोटारीत त्याची गंमत बघा. त्या गिअरबॉक्सलाही आपला कॉम्प्युटर असतो. तो इंजिनाच्या कॉम्प्युटरला विचारतो, तू आता किती पीळ देतो आहेस? आणि त्या उत्तराप्रमाणे आतल्या क्लचवर दाब ठेवतो. ट्यूनिंग करणाऱ्याने काम नीट केले नसेल तर इंजिन खोटे सांगते. देतो वीस आणि सांगतो सोळा. गिअरबॉक्स सोळापुरताच दाब ठेवतो, आणि क्लच घसरतो, झटके बसतात, ऑइल जळते. मालक गिअरबॉक्सला शिव्या देतो. म्हणजे लाखांची मोटार असो की आपला ट्रॅक्टर, दोष इंजिनात घातला जातो आणि दुखणे गिअरबॉक्समध्ये निघते.

मोबाईलवर टोचनचे व्हिडिओ आपली पोरे बघतात. पंजाब-हरियाणाकडे दोन ट्रॅक्टर पाठीला पाठ बांधून ओढायला लावतात, त्याचे. तिथला ट्रॅक्टर त्या पाच मिनिटांसाठी तयार केलेला असतो, नांगरटीसाठी नव्हे. पंजाब सरकारने तर एका तरुणाचा जीव गेल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये ट्रॅक्टरच्या कसरतींवर बंदी घातली. मुलांना व्हिडिओ बघू नका म्हणून ती ऐकणार नाहीत. पण तो ट्रॅक्टर दुसऱ्या दिवशी कुठे असतो, एवढे विचारायला सांगा.

कायद्याचे दोन शब्द. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते, की नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल वाहनात करायचा नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मालकाला अशा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली आहे. रानात कुणी तपासायला येत नाही. पण रस्त्यावर अपघात झाला, माणूस गेला आणि तुटलेले सील विमावाल्याच्या हाती लागले, तर वाद तुम्हालाच घालावा लागेल. सील तुटल्यावर कंपनीची वॉरंटीही संपली समजा.

मग ताकद कमी पडते त्याचे काय करायचे? इथे आम्ही आमच्या शिक्षणाकडे येतो. ताकद वाढवण्याआधी ओढ कमी करता येते का ते पाहा. ३५ सेंटिमीटर रुंदीचे दोन फाळ २० सेंटिमीटर खोल चालले, आणि रानाचा विरोध दर चौरस सेंटिमीटरला ०.७ किलो धरला, तर ओढ ९८० किलो होते. ताशी ५ किलोमीटरला १८ एचपी झाले. खोली २५ केली तर ओढ १२२५ किलो आणि एचपी पावणेतेवीस. म्हणजे पाच सेंटिमीटर खोलीसाठी पावणेपाच एचपी गेले, आणि स्क्रू फिरवून मिळवले होते सात. कपाशीला ते पाच सेंटिमीटर दरवर्षी लागतात काय? खोल नांगरट तीन वर्षांतून एकदा पुरते, ही शिफारस जुनीच आहे. आणि हा ०.७ चा आकडा कायम नाही. एप्रिल-मे मध्ये भेगाळलेली काळी दगडासारखी होते तेव्हा तो कितीतरी वर जातो. तेच रान ज्वारी निघाल्याबरोबर, अंगात थोडी ओल असताना नांगरले तर कमी ओढीत नांगरते आणि ढेकळेही लहान निघतात. फाळ बोथट असेल तर बदला. फाळाची किंमत क्लच प्लेटच्या मानाने काहीच नाही.

दुसरी गोष्ट हायड्रॉलिकच्या लिव्हरची. हॅरी फर्ग्युसन नावाच्या आयरिश माणसाने बसवलेली ही युक्ती १९३६ साली त्याच्या ट्रॅक्टरवर बाजारात आली, आणि आज आपल्या बहुतेक ट्रॅक्टरांवर आहे. ओढ वाढली की नांगर आपोआप थोडा उचलला जातो, आणि ओढीचे वजन मागच्या चाकांवर येते. त्याला ड्राफ्ट कंट्रोल म्हणतात. आपल्याकडे ड्रायव्हर पोझिशनच्याच लिव्हरवर सगळी नांगरट उरकतो, आणि ड्राफ्टची लिव्हर गंज खात असते. स्क्रू फिरवण्याआधी ती लिव्हर वापरून पाहा. आणि ज्यांना नवा ट्रॅक्टर घ्यायचा आहे त्यांनी जाहिरातीतला एचपी पाहू नये. मध्य प्रदेशात बुदनी येथे केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणारी संस्था आहे. तिच्या अहवालात पीटीओवर किती एचपी मिळाले आणि ओढीला किती मिळाले, हे मोजून लिहिलेले असते. विक्रेत्याकडे तो अहवाल मागा. नाही दिला तर दुसऱ्याकडे जा.

ज्यांनी पंप आधीच वाढवला आहे त्यांनी घाबरून जाऊ नये. कॅलिब्रेशनच्या यंत्रावर पंप लावून कारखान्याच्या मापावर परत आणता येतो. पेरणीच्या तोंडावर नव्हे, आता काम नाही तेव्हा करून घ्या. गिअरबॉक्सचे ऑइल काढताना ते स्वच्छ भांड्यात घ्या आणि चुंबक फिरवा. बारीक भुकटी निघेल, ती नेहमीची झीज. कण बोटाला टोचण्याइतके निघाले तर दाता किंवा बेअरिंग जायला लागले आहे.

बैठक संपल्यावर कापसाचा हिशेब पुढच्या वक्त्याकडे. बाहेर जे ट्रॅक्टर उभे आहेत त्यांतला एक आपण नांगरासकट जवळच्या रानात नेऊ. मागच्या टायरवर चुन्याने खूण करायची. नांगर वर उचलून चाकाचे दहा फेरे होऊ द्यायचे आणि अंतर मोजायचे. मग नांगर लावून पुन्हा दहा फेरे. पहिले अंतर ४० मीटर आणि दुसरे ३५ भरले तर चाक साडेबारा टक्के घसरले. दहा ते पंधराच्या मध्ये असेल तर काही करू नका. वीसच्या वर गेले तर खोली कमी करा किंवा वजन लावा. पाचच्या आत असेल तर वजन जास्त झाले आहे, सगळा भार गिअरबॉक्स घेतो आहे, थोडे उतरवा. टेप आम्ही आणली आहे. चुना तेवढा कुणीतरी घरून आणा.